गरज सरो, वैद्य मरो!

कॉसॅक म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? घोडा, तलवार, भरघोस मिशा आणि रशियाच्या झारची फौज. पण मित्रांनो, हेच कॉसॅक एकेकाळी आपला प्रमुख स्वतः निवडत होते, आणि ज्या साम्राज्यासाठी ते लढले त्याच साम्राज्याने त्यांचं घर मोडलं. हे आपल्या हिस्टरीच्या पुस्तकात कुठे नसतं. म्हणून मला पेत्रो काल्निशेव्स्की या माणसाबद्दल लिहावंसं वाटलं.

त्याचा जन्म १६९०च्या सुमारास, आजच्या युक्रेनमधल्या पुस्तोविइतिव्का गावचा. नीपर नदीच्या खालच्या भागात झापोरोझियन कॉसॅकांची मुख्य छावणी होती. तिला 'सिच' म्हणायचे. तिथे अडतीस तुकड्या होत्या. दरवर्षी १ जानेवारीला सगळे जमून आपला प्रमुख, म्हणजे अतमान, निवडायचे. काम आवडलं नाही तर तो पुढच्या वर्षी घरी! जमीनदाराच्या जाचातून पळून आलेला शेतकरी इथे आला की मोकळा व्हायचा. साम्राज्याच्या डोळ्यात नेमकं हेच खुपत होतं.

१७०९ मध्ये झार पीटरने जुनी सिच बेचिराख केली, कारण कॉसॅकांनी स्वीडनची बाजू घेतली होती. पुढची पंचवीस वर्षं ते क्रिमियाच्या खानाच्या आश्रयाला राहिले. १७३४ मध्ये तुर्कांशी लढाईची वेळ जवळ आली आणि रशियाला त्यांची आठवण झाली. ते परत आले, नवी सिच उभी राहिली. पण तिच्या शेजारीच रशियन सैन्याचं ठाणंही बसलं.

१७६२ मध्ये कॅथरीन गादीवर आली. त्याच वर्षी काल्निशेव्स्की पहिल्यांदा अतमान झाला, पण लवकरच त्याला पद सोडावं लागलं. १७६५ मध्ये कॉसॅकांनी त्याला पुन्हा निवडलं, आणि मग सलग दहा वर्षं तोच. कॅथरीनची पद्धत मात्र वेगळी होती. आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर, मशीन फोडायचं नाही, एकेक नट ढिला करत जायचं. १७६४ मध्ये तिने शेजारच्या कॉसॅक राज्याच्या प्रमुखाला, रोझुमोव्स्कीला, पद सोडायला लावलं आणि ते पदच रद्द केलं. त्याच्या जागी सरकारी मंडळ आलं. त्याच वर्षी सिचच्या सीमेला लागून 'नवा रशिया' नावाचा प्रांत तयार झाला आणि जमिनीचे तंटे सुरू झाले. काल्निशेव्स्की कागदपत्रं देऊन माणसं पीटर्सबर्गला पाठवत राहिला. इकडे त्याने स्वतःच्या मुलखात गावं वसवली, शेती वाढवली.

मग १७६८ ते १७७४ तुर्कांशी युद्ध झालं. कॉसॅक जीव तोडून लढले. काल्निशेव्स्कीला हिरेजडित सुवर्णपदक मिळालं. कॅथरीनचा उजवा हात पोतेमकिन तर १७७२ मध्ये हौसेने सिचचा मानद कॉसॅक झाला होता! पण युद्ध जिंकलं, क्रिमिया तुर्कांच्या हातून सुटला, आणि सरहद्दीवर राखणदाराची गरजच उरली नाही. जून १७७५ मध्ये युद्धावरून परतणारी फौज घेऊन जनरल तेकेलीने सिचला वेढा घातला. कित्येक कॉसॅकांना लढायचं होतं. पंचाऐंशीच्या घरातल्या अतमानाने मात्र रक्तपात नको म्हणून शरणागती पत्करली. ऑगस्टमध्ये जाहीरनामा निघाला. त्यातला एक आरोप वाचून मी थक्क झालो : हे लोक स्वतःची शेती करून सरकारवर अवलंबून राहायचं टाळतात!

काल्निशेव्स्कीला श्वेत समुद्रातल्या सोलोव्हेत्स्की बेटावरच्या मठात डांबलं. पंचवीस वर्षं कैद. कोठडीबाहेर यायचं ते वर्षातून फक्त तीनदा, सणाच्या दिवशी. १८०१ मध्ये झार अलेक्झांडरने माफी दिली, पण आता परत जाणार कुठे? सिच उरली नव्हती. तो तिथेच राहिला आणि १८०३ मध्ये वारला. वय एकशे बारा, असं त्याच्या थडग्यावर लिहिलंय.

दरम्यान १७८३ मध्ये शेजारच्या जुन्या कॉसॅक राज्यातले शेतकरी कायद्याने जमीनदारांना बांधले गेले. क्रिमियाही त्याच वर्षी रशियाने गिळला. आणि १७८७ मध्ये तुर्कांशी पुन्हा युद्ध पेटलं तेव्हा? पोतेमकिनने जुन्या झापोरोझियन लोकांनाच गोळा करून नवं दल उभारलं. बक्षीस म्हणून १७९२ मध्ये जमीन दिली, ती मात्र दूर कुबान नदीकाठी. नीपरकाठची जमीन एव्हाना सरदारांत वाटली गेली होती.

त्या जूनमध्ये म्हाताऱ्याने लढायला हवं होतं का? मला वाटतं, तोवर उशीर झाला होता. लढाई सिचच्या दारात नाही, आधीची अकरा वर्षं सरकारी कागदांवर चालली होती. एकेका हुकमाच्या वेळी वाटलं असेल, एवढ्याने काय होतंय! मित्रांनो, तलवार उगारलेली सगळ्यांना दिसते. कागदावरची सही जरा नीट बघायला लागते.