रिचर्ड स्टीव्हन्स

विल्यम रिचर्ड स्टीव्हन्स (५ फेब्रुवारी १९५१, लुआन्शा, उत्तर ऱ्होडेशिया – १ सप्टेंबर १९९९, टूसॉन, ॲरिझोना) हे युनिक्स ही संचालन प्रणाली आणि टीसीपी/आयपी हे संगणक-जाळ्यांचे नियम या विषयांवरील संदर्भग्रंथांचे लेखक होते. त्यांची ख्याती एखादी नवी संचालन प्रणाली घडविल्याबद्दल नाही. इतरांनी घडविलेली प्रणाली प्रत्यक्षात कशी वागते, हे तपासून लिहून ठेवणे हे त्यांचे कार्य होय. संचालन प्रणालीच्या तांत्रिक संदर्भग्रंथात कोणती माहिती असावी, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या ग्रंथांच्या रचनेतच मिळते.

जीवन

स्टीव्हन्स यांचा जन्म आजच्या झांबियातील लुआन्शा या तांब्याच्या खाणींच्या गावी झाला. वडील तांबे उद्योगात नोकरीला असल्याने कुटुंबाची बिऱ्हाडे सतत बदलत राहिली. सॉल्ट लेक सिटी, न्यू मेक्सिकोतील हर्ली, वॉशिंग्टन आणि दक्षिण आफ्रिकेतील फालाबोरवा अशा ठिकाणी त्यांचे बालपण गेले. त्यांचे शालेय शिक्षण व्हर्जिनिया राज्यातील फिशबर्न सैनिकी शाळेत झाले. १९७३ मध्ये त्यांनी मिशिगन विद्यापीठाची अवकाश अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९७५ मध्ये ते टूसॉनला आले आणि किट पीक राष्ट्रीय वेधशाळेत संगणक प्रोग्रामर म्हणून काम करू लागले. त्याच काळात ॲरिझोना विद्यापीठातून प्रणाली अभियांत्रिकीत त्यांनी १९७८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९८२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विमान चालविण्याचा त्यांना छंद होता आणि काही काळ त्यांनी अर्धवेळ उड्डाण-प्रशिक्षकाचे कामही केले. १९८२ ते १९९० ही वर्षे कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे आरोग्यसेवेशी संबंधित एका संस्थेच्या संगणक विभागाचे प्रमुख म्हणून गेली. १९९० मध्ये टूसॉनला परतून त्यांनी लेखन आणि सल्लागारी हाच व्यवसाय केला.

युनिक्सची मूळ नियमपुस्तिका

युनिक्सची पहिली नियमपुस्तिका केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत नोव्हेंबर १९७१ मध्ये तयार केली. आज्ञा, सिस्टिम कॉल, उपकार्ये, विशेष फाइली, फाइलींची रचना अशी तिची विभागणी होती. प्रत्येक नोंदीत नाव, वापराचे रूप, वर्णन, संबंधित फाइली आणि ज्ञात दोष अशी ठरलेली कलमे असत. प्रणालीच्या कर्त्यांनीच आपल्या कामातील दोषांसाठी पुस्तिकेत कायमची जागा राखून ठेवावी, ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती.

या पुस्तिकेची मर्यादाही उघड होती. एकेका सिस्टिम कॉलची माहिती तिच्यात स्वतंत्रपणे मिळे, परंतु अनेक कॉल एकत्र वापरले असता काय होते, हे वाचकाला स्वतःच जुळवावे लागे. १९८० च्या दशकात एटी अँड टी कंपनीची सिस्टिम व्ही आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची बीएसडी अशा दोन मोठ्या शाखा झाल्या. १९८८ मध्ये पॉसिक्स हे मानक आले. एकाच नावाचा कॉल निरनिराळ्या शाखांत निराळा वागू लागला आणि प्रत्येक शाखेची पुस्तिका फक्त आपल्यापुरते बोलत राहिली.

नवशिक्याला शिकवणारे पुस्तक आणि संदर्भग्रंथ यांतील भेद यंत्रांच्या उदाहरणाने चटकन स्पष्ट होतो. भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात सीएनसी मशीन बसते, तेव्हा ऑपरेटरने ते कसे चालवावे याची पुस्तिका वेगळी असते आणि देखभालीची वेगळी. पडद्यावर अलार्मचा क्रमांक उमटून काम थांबले की पहिली पुस्तिका उपयोगाची नसते. त्या क्रमांकाचा अर्थ काय, कोणत्या स्थितीत तो येतो आणि कोणते पॅरामीटर तपासावे, हे दुसरीत नसेल तर मशीन बंद राहते. संचालन प्रणालीवर काम करणाऱ्या प्रोग्रामरची गरज याच दुसऱ्या प्रकारची असते.

ग्रंथलेखन

स्टीव्हन्स यांचा ‘युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग’ हा ग्रंथ १९९० मध्ये प्रेंटिस हॉलने प्रसिद्ध केला. १९९३ च्या ‘वेन्स वर्ल्ड २’ या विनोदी हॉलिवूडपटातील एका दृश्यातही तो दिसतो. संगणकाच्या संदर्भग्रंथाच्या वाट्याला असा योग क्वचितच येतो.

१९९२ मध्ये ॲडिसन-वेस्लीने प्रसिद्ध केलेला ‘ॲडव्हान्स्ड प्रोग्रामिंग इन द युनिक्स एन्व्हायर्नमेंट’ हा त्यांचा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ मानता येईल. फाइली आणि निर्देशिका, प्रक्रियांची निर्मिती व शेवट, संकेत, टर्मिनल, प्रक्रियांमधील परस्परसंवाद अशा क्रमाने तो प्रणालीचा संपूर्ण पृष्ठभाग व्यापतो. प्रत्येक कार्याच्या नोंदीत त्याचे रूप चौकटीत दिलेले असते आणि त्याच चौकटीत यश आल्यास व चूक झाल्यास कोणते मूल्य परत येते, हेही असते. कोणते कार्य कोणत्या मानकात आणि कोणत्या शाखेत उपलब्ध आहे, याचे तक्ते आहेत. चुकीच्या स्थितींना त्यांनी मुख्य विषयाइतकीच जागा दिली. संकेत आल्यामुळे मध्येच खंडित झालेला कॉल, मागितल्यापेक्षा कमी बाइट वाचले जाणे, दोन प्रक्रियांपैकी आधी कोण धावेल याची शाश्वती नसल्याने उद्भवणारे घोळ, ही प्रकरणे इतर पुस्तकांत तळटिपेत जात.

लेखनाच्या कॉलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. फाइलीत मजकूर लिहिण्याचा कॉल यशस्वी झाला म्हणजे मजकूर डिस्कवर पोहोचला, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात प्रणाली तो मजकूर स्मृतीत साठवते आणि डिस्कवर नंतर नेते. मधल्या वेळात वीज गेली तर यशस्वी म्हणून कळविलेले लेखन नाहीसे होऊ शकते. हिशेबाच्या किंवा रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामसाठी हा फरक जिव्हाळ्याचा आहे. विलंबित लेखन म्हणजे काय आणि मजकूर डिस्कवर उतरेपर्यंत थांबायचे असल्यास कोणता कॉल वापरावा, हे स्टीव्हन्स यांनी सांगितले. वाचताना एका वेळी किती बाइट मागावेत, यासाठी आकार बदलत मोजलेल्या वेळांचा तक्ताही दिला.

त्यांची उदाहरणे म्हणजे पूर्ण, चालणारे प्रोग्राम असत. छापलेला कोड ते तपासलेल्या फाइलींतूनच पुस्तकात घेत, त्यामुळे टंकलेखनाच्या चुकांना वाव राहत नसे. पृष्ठरचनाही ते युनिक्सच्याच ट्रॉफ या साधनाच्या आधारे स्वतः करीत आणि प्रकाशकाला छपाईयोग्य प्रत देत.

हीच पद्धत त्यांनी ‘टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड’ या मालेत नेटवर्ककडे वळवली. १९९४ च्या पहिल्या खंडात नियमांच्या वर्णनाबरोबर तारेवरून प्रत्यक्ष गेलेल्या पॅकेटांच्या नोंदी आहेत. गॅरी राइट यांच्यासह लिहिलेल्या १९९५ च्या दुसऱ्या खंडात बीएसडीमधील सुमारे १५,००० ओळींच्या कोडचे विवरण आहे. तिसरा खंड १९९६ मध्ये आला. इंटरनेटची मानके ज्यांतून ठरतात अशा काही आरएफसी दस्तऐवजांचेही ते लेखक वा सहलेखक होते. टीसीपीच्या गर्दी-नियंत्रणावरील एप्रिल १९९९ चा दस्तऐवज त्यांपैकी एक.

मृत्यू आणि नंतरच्या आवृत्त्या

‘युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग’चे अनेक खंडांत पुनर्लेखन त्यांनी हाती घेतले होते. दोन खंड प्रसिद्ध झाले, तिसरा योजिलेलाच राहिला. १ सप्टेंबर १९९९ रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २००० मध्ये यूझनिक्स या संस्थेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार दिला.

भारतात त्यांचे ग्रंथ कमी किमतीच्या आवृत्त्यांत उपलब्ध झाले, त्यामुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही ते विकत घेता आले. त्यांच्या पश्चात बिल फेनर व अँड्र्यू रुडॉफ (२००३), स्टीफन रागो (२००५ व २०१३) आणि केव्हिन फॉल (२०११) यांनी सुधारित आवृत्त्या काढल्या. रागो यांनी १९९२ मधील सिस्टिम व्ही आणि बीएसडी यांच्या जागी फ्रीबीएसडी, लिनक्स, मॅक ओएस एक्स आणि सोलारिस या चार प्रणाली घेतल्या व उदाहरणे त्यांवर नव्याने चालवून पाहिली.