फिरोज गांधी

फिरोज जहांगीर गांधी (१२ सप्टेंबर १९१२ – ८ सप्टेंबर १९६०) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, वृत्तपत्र-व्यवस्थापक आणि लोकसभेचे सदस्य होते. पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंचे जावई म्हणून ते अधिक ओळखले जातात. तथापि दोन मोठे आर्थिक गैरव्यवहार त्यांनी संसदेत उघड केले, हे त्यांचे खरे कार्य होय.

त्यांचा जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. वडिलांच्या निधनानंतर ते अलाहाबादला मावशीकडे राहू लागले. १९३० साली महाविद्यालय सोडून ते चळवळीत उतरले व त्यांना कारावास घडला. मार्च १९४२ मध्ये इंदिरा नेहरूंशी त्यांचा विवाह झाला. १९४६ पासून लखनौच्या नॅशनल हेरल्ड या दैनिकाची व्यवस्था त्यांनी पाहिली. १९५२ आणि १९५७ साली ते रायबरेली भागातून लोकसभेवर निवडून आले.

डिसेंबर १९५५ मध्ये त्यांनी रामकृष्ण दालमिया यांच्या भारत इन्शुरन्स कंपनीतील पैशांच्या अपहाराचा विषय सभागृहात मांडला. विमेदारांचा पैसा मालकाच्या इतर उद्योगांकडे कसा वळतो, हे त्यांनी हिशेबांच्या आधारे दाखविले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९५६ मध्ये, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. अपहाराच्या खटल्यात दालमियांना शिक्षा झाली. दालमिया-जैन उद्योगसमूहाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद प्रथम मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. तेंडोलकर यांच्याकडे होते. त्यांच्यानंतर ते न्या. व्हिव्हियन बोस यांच्याकडे आले. बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि वऱ्हाड त्याच न्यायालयाच्या कक्षेत येत असे.

राष्ट्रीयीकरणाने प्रश्न मिटला नाही. जून १९५७ मध्ये नव्या आयुर्विमा महामंडळाने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला त्याआधी विचारलेही नव्हते. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी लोकसभेत या व्यवहाराची चिरफाड केली. आरोपांचा रोख स्वपक्षाच्या, म्हणजे सासऱ्यांच्याच सरकारवर होता. त्यामुळे विरोधकांच्या टीकेपेक्षा हे भाषण सरकारला अधिक जड गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत जाहीर सुनावणी घेतली. साक्षी ऐकण्यास लोकांनी इतकी गर्दी केली की ध्वनिक्षेपक लावावे लागले. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच असते, असा निष्कर्ष छागलांनी काढला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. मुंदडा तुरुंगात गेले.

संसदेत बोललेले वृत्तपत्रात छापल्यास संपादकावर खटला भरला जाण्याची भीती असे. ती दूर करणारे फिरोज गांधींचे खासगी विधेयक १९५६ साली संमत झाले. ८ सप्टेंबर १९६० रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचा हा कायदा पत्नी इंदिरा गांधींच्या सरकारने आणीबाणीत रद्द केला. १९७७ साली जनता सरकारने तो पुन्हा आणला.