चिमाजी अप्पा आणि पोर्तुगीजांचा उत्तर प्रांत

विद्यार्थी मित्रांनो, आज डोंबिवलीला लोकल पकडली की तुम्ही अर्ध्या तासात ठाण्याला पोचता. तीनशे वर्षांपूर्वी मात्र हा प्रवास एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याचा होता! कल्याण मराठ्यांकडे होतं आणि ठाणे पोर्तुगीजांकडे. ही सीमा ज्यांनी पुसली, त्या चिमाजी अप्पांची आज ओळख करून घेऊया.

उत्तर प्रांत कसा होता?

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढे दमणपासून चौलपर्यंतच्या किनारपट्टीवरील त्यांच्या मुलखाला ‘उत्तर प्रांत’ हे नाव पडलं. उत्तर कशाच्या? गोव्याच्या. या प्रांताचं मुख्य ठाणं होतं वसई.

आता नकाशा उघडा. उल्हास नदी कल्याणवरून येते आणि ठाण्याजवळ पाण्याला दोन वाटा फुटतात. एक वाट वसईच्या खाडीने पश्चिमेला समुद्राकडे जाते, दुसरी ठाण्याच्या खाडीने दक्षिणेला. या दोन खाड्या आणि समुद्र यांच्यामधला भाग म्हणजे साष्टी बेट. ठाणे ज्याच्या हाती, त्याला साष्टीचं दार उघडं. म्हणून तर पोर्तुगीजांनी इथे खाडीकाठी किल्ला बांधायला घेतला होता.

या प्रांतात राहायचं कोण? कोळी, आगरी, भंडारी, वाडवळ. त्यातले काही ख्रिस्ती झालेले, काही हिंदू. पोर्तुगीज माणसं तशी थोडीच, पण जमिनी आणि सत्ता त्यांच्याकडे. हिंदूंच्या जाहीर पूजाअर्चेवर बंधनं होती. लोकांत असंतोष होता. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक यांच्यासारखी स्थानिक मंडळी पेशव्यांकडे मदत मागत होती.

धाकटे भाऊ

चिमाजी अप्पा हे पेशवे बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांचे धाकटे चिरंजीव. १७२० साली वडील वारले आणि थोरले बंधू बाजीराव पेशवे झाले. बाजीराव घोड्यावर, तर अप्पा घरचा कारभार, पैसा आणि रसद सांभाळणार अशी वाटणीच जणू झाली. पण म्हणून अप्पा लढवय्ये नव्हते असं समजू नका हं! १७२८ मध्ये माळव्यात अमझेरा येथे त्यांनी मोगलांच्या फौजेचा मोठा पराभव केला. १७३६ मध्ये कोकणात सिद्दी सात याला लढाईत संपवलं. प्रकृती मुळात नाजूक, तरी कामात कधी कसूर नाही.

१७३० मध्ये त्यांना मुलगा झाला. पुढे पानिपतावर लढलेले सदाशिवराव भाऊ ते हेच. मूल लहान असतानाच पत्नी रखमाबाई वारल्या.

ठाणे आणि वसई

मार्च १७३७. बाजीराव दिल्लीच्या दिशेने निघाले होते. इकडे मराठ्यांनी ठाण्याचा अर्धवट बांधलेला किल्ला घेतला. आज त्याच किल्ल्यात ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. साष्टीचं दार उघडलं.

वसई मात्र इतकी सोपी नव्हती. समुद्र, खाडी आणि दलदल यांनी वेढलेला किल्ला, हल्ला करायला मोकळी जमीन फक्त एका बाजूला. १७३९ च्या सुरुवातीला अप्पा स्वतः वेढ्यावर आले. तटाखाली सुरुंग लावले गेले. हजारो माणसं पडली. वज्रेश्वरी देवीला अप्पांनी इथेच नवस केला असं सांगतात. अखेर १६ मे १७३९ ला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली.

आणि इथेच अप्पांचा मोठेपणा दिसतो. इतकी माणसं गमावूनही त्यांनी सूड घेतला नाही. शत्रूच्या सैनिकांना शस्त्रांसह सन्मानाने जाऊ दिलं. ज्यांना राहायचं होतं, त्यांना आपला धर्म पाळून राहण्याची मोकळीक दिली. चर्चमधल्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून देवळांना गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात अशी घंटा आजही बघायला मिळते.

एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अप्पाही. वय जेमतेम तिशीच्या पुढे. पुण्यात ओंकारेश्वराजवळ त्यांची समाधी आहे.

राज्य गेलं, भाषेचं काय झालं?

आता जरा दूर, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जाऊया. हा प्रांत महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचपट मोठा. वसई पडल्यानंतर वीसच वर्षांनी, १७५९ मध्ये, इंग्रजांनी क्वेबेक शहर फ्रेंचांकडून जिंकलं. पण तिथले बहुतेक लोक आजही फ्रेंचच बोलतात! मग आपल्याकडे पोर्तुगीज का नाही टिकली?

कारण माणसांत आहे. सेंट लॉरेन्स नदीच्या काठी फ्रेंच शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या घरं करून राहिले होते. राज्य गेलं तरी ते तिथेच राहिले. आपल्याकडे पोर्तुगीज होते ते मुख्यतः अधिकारी, सैनिक आणि जमीनदार. राज्य गेलं, तसे त्यांच्यातले बरेचसे गोव्याला निघून गेले. मागे राहिले ते इथलेच लोक, आणि त्यांची बोली मराठीच होती. वसईचे सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती, ठाण्याचे ईस्ट इंडियन आजही आपापल्या मराठी बोली बोलतात. फक्त चौलजवळच्या कोर्लई गावात पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली अजून जिवंत आहे.

आणि तुमच्या तोंडी? पाव, बटाटा, चावी, कोबी, पगार हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. म्हणजे वडापाव मागताना तुम्ही एक पोर्तुगीज शब्द वापरता!

मित्रांनो, किल्ला एका दिवसात हातचा जातो, पण भाषा तिथे राहणाऱ्या माणसांबरोबर राहते. जिंकलेल्या मुलखातल्या माणसांना राहू देणारा सेनापती म्हणूनही चिमाजी अप्पा लक्षात ठेवा.

उपक्रम : तुमच्या आजी-आजोबांना विचारून मराठीतले आणखी पाच पोर्तुगीज शब्द शोधा आणि वहीत लिहा.