श्री संत गाडगे महाराज : लोकवर्गणी आणि लोकविश्वास

सूर्यकन्या तापीच्या तीरी वसलेले श्रीक्षेत्र प्रकाशा हे नंदुरबार जिल्ह्यातील पुण्यस्थान ‘दक्षिण काशी’ म्हणून सर्वश्रुत आहे. येथील तापीच्या प्रवाहात वऱ्हाडातून आलेल्या पूर्णा नदीचेही जल आहे. जळगाव जिल्ह्यातील श्रीक्षेत्र चांगदेव येथे पूर्णा तापीस मिळते. याच पूर्णेच्या काठी, अमरावती जिल्ह्यातील ऋणमोचन या तीर्थी, एका निर्धन सत्पुरुषाने लोकांच्या साहाय्याने यात्रेकरूंसाठी घाट बांधला. पुढे त्यांनी महाराष्ट्रभर धर्मशाळा उभ्या केल्या. ते सत्पुरुष म्हणजे श्री संत गाडगे महाराज. हाती पैसा नसताना मोठे लोककार्य कसे उभे राहते, याचा वस्तुपाठ त्यांच्या चरित्रात आहे.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील व्यसनापायी अकाली गेले. माता सखुबाई लहानग्या डेबूजीस घेऊन दापुरे या गावी माहेरी आल्या. तेथे मामांच्या घरी गुरे राखीत व शेती करीत डेबूजी वाढले. शाळेचे शिक्षण त्यांना लाभले नाही. परंतु सावकाराच्या कर्जात मामांची जमीन कशी गेली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. कर्ज काढून सण, लग्ने, जेवणावळी करणारे घर कसे बुडते, हे त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले. स्वतःच्या कन्येच्या बारशाला त्यांनी रूढीप्रमाणे मद्यमांसाची पंगत न देता गोडाचे साधे जेवण घातले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा व मातीचे गाडगे एवढाच त्यांचा संसार. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगे महाराज म्हणू लागले. ऋणमोचन येथे पौष महिन्यात रविवारी यात्रा भरे. नदीचा काठ चिखलाचा असल्याने स्नानास उतरणारे यात्रेकरू घसरून पडत. महाराजांनी कोणाकडे अर्ज केला नाही की आधी वर्गणी मागितली नाही. ते स्वतः माती-दगड वाहू लागले. ते पाहून यात्रेकरूंचेही हात कामास लागले, मागाहून दातेही पुढे आले आणि १९०८ च्या सुमारास घाटाचे काम झाले. आधी श्रम, मग साहाय्य, हा त्यांच्या पुढील सर्व कार्याचा क्रम ठरला.

कोणत्याही गावी गेल्यावर ते प्रथम रस्ते व गटारे झाडीत. दिवसभर झाडलेल्या त्या गावात रात्री कीर्तन होई. कीर्तनात ते श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून तीर्थयात्रा करू नका, नवसासाठी पशुबळी देऊ नका, शिवाशीव पाळू नका, वेळ पडल्यास घरातील भांडी विका पण मुलांना शिकवा, हा त्यांचा उपदेश असे.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. गरिबाने देवासाठीही कर्ज काढू नये असे सांगणाऱ्या सत्पुरुषाने गरिबांपुढेच वर्गणीची झोळी कशी पसरावी? महाराजांनी त्याचा उलगडा आचरणातून केला. ज्याच्याजवळ केवळ हात आहेत त्याच्याकडे त्यांनी श्रम मागितले. ज्याच्या घरी धान्य आहे त्याच्याकडे अन्नदानासाठी धान्य मागितले. आणि पैसा मागितला तो धनवंतांकडे. यामुळे देणाऱ्याच्या संसारास झळ लागली नाही आणि मजुरापासून व्यापाऱ्यापर्यंत प्रत्येकास हे काम आपले वाटले.

दुसरा प्रश्न विश्वासाचा होता. साधूच्या नावे जमलेला पैसा अखेर कोठे जातो, ही शंका लोकांच्या मनात त्या काळीही असे. महाराजांनी जमलेल्या पैशाचा व्यवहार स्वतःच्या हाती ठेवला नाही. तो जबाबदार मंडळींकडे सोपविला. स्वतः घरोघर भाकरी मागून ती गाडग्यात खाल्ली. अंगावर घातलेले हार व भेटी त्यांनी नाकारल्या, कोणास पाया पडू दिले नाही. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे प्रशस्त धर्मशाळा झाल्या. पण महाराजांनी स्वतःसाठी घर बांधले नाही. पत्नी कुंताबाई व मुले यांनाही त्या वास्तूंच्या वैभवात वाटा मिळाला नाही. घरच्यांना हा नियम जड गेला असेल. परंतु याच कठोर नियमामुळे देणाऱ्याला आपला पैसा यात्रेकरूच्याच उपयोगी पडेल, असा भरवसा वाटला.

पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना उतरण्यास जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी महाराजांनी १९१७ च्या सुमारास संत चोखामेळा यांच्या नावाने धर्मशाळा उभारण्याचे कार्य हाती घेतले. पुढे १९४९ मध्ये ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी सुपूर्द केली. उभे केलेले कार्य योग्य हाती देऊन मोकळे होणे, हेही त्यांच्या निःस्पृहतेचेच लक्षण होय. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि धर्मशाळा, विद्यालये, वसतिगृहे यांच्या कार्याला संस्थेचा आधार मिळाला.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात महाराजांनी देह ठेवला. अमरावती येथे त्यांची समाधी आहे. महाराष्ट्र शासनाने सन २०००-०१ मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचेच नाव देण्यात आले.

सारंगखेडा येथील श्री दत्तजयंतीची यात्रा बहुधा डिसेंबरातच येते. महाराजांची पुण्यतिथीही याच महिन्यात. तापीकाठच्या गावोगावी भजनी मंडळे, पायी दिंड्या व अन्नछत्रे चालविणाऱ्या लहान समित्यांना निधीची चिंता नेहमीच असते. त्यांनी हे चरित्र अवश्य मनन करावे. कामास आधी स्वतः हात लावावा, ज्याला जे झेपेल तेच त्याच्याकडे मागावे, मूठभर धान्याचाही आदराने स्वीकार करावा, प्रत्येक रुपयाची पावती द्यावी आणि वर्षाअखेर हिशेब गावापुढे मांडावा. विश्वस्त संस्थांना हिशेबाची तपासणी करून घेणे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने बंधनकारक आहे. महाराजांनी मात्र तो हिशेब आपल्या जगण्यातूनच लोकांपुढे उघडा ठेवला होता. घाट पाहून पाया पडण्यापेक्षा घाटाची एक पायरी झाडणे, हेच त्यांचे खरे स्मरण होय.