फरारी सापडतो, मुद्देमालाचे काय?

वर्षानुवर्षे गुंगारा देणारा फरारी आरोपी हाती लागला की पोलीस ठाण्यात एक ठरलेले दृश्य दिसते. मेजावर दागिने, रोकड आणि शस्त्रे मांडली जातात, मागे अधिकारी उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते. तो माल कोणाचा होता, त्याची ओळख कशी पटली आणि मूळ मालकाला तो परत मिळाला का, हे प्रश्न मात्र बातमीत क्वचितच येतात. या प्रश्नांचा विचार करताना मला नेहमी जबलपूरच्या एका अधिकाऱ्याचे चरित्र आठवते. विल्यम हेन्री स्लीमन हे नाव आज ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या कामगिरीचा खरा पाया कोणता होता आणि तो पुढे कुठे निसटला, याची चर्चा त्या मानाने कमी होते.

स्लीमनचा जन्म १७८८ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात झाला. १८०९ मध्ये तो कंपनीच्या बंगाल सैन्यात दाखल झाला आणि नेपाळच्या युद्धात लढला. १८२० मध्ये त्याची मुलकी सेवेत बदली झाली. हा प्रदेश तेव्हा कंपनीच्या ताब्यात नुकताच आला होता. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकर भोसल्यांकडून जबलपूर आणि नर्मदाकाठ गेला, पेशव्यांच्या अमलाखालील सागरही गेले आणि या साऱ्याचे मिळून सागर व नर्मदा प्रांत बनले. स्लीमनला हिंदुस्थानी, फारसी आणि अरबी या भाषा येत होत्या. खेड्यांत हिंडून लोकांशी बोलण्याची त्याला आवडही होती.

१८२२ पासून तो नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होता. जिल्ह्यात घडणारी कोणतीही चोरी आपल्या कानावर आल्यावाचून राहत नाही, असा त्याचा समज होता. पुढे त्याला कळले, की आपल्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, कंदेली गावात, ठगांची एक टोळी सुखाने नांदत होती आणि जिल्ह्यातल्याच एका आमराईत वाटसरूंची प्रेते पुरली जात होती.

हे लपून कसे राहिले? मारला जाणारा वाटसरू शेकडो मैलांवरचा असे. तो परतला नाही, हे घरच्यांना कळायलाच महिने लागत, आणि नेमका कुठे नाहीसा झाला हे कळण्याची सोयच नव्हती. खून एका संस्थानात घडे, मालाची विल्हेवाट दुसऱ्यात लागे, टोळीचे घर तिसऱ्यात असे. फिर्यादी नाही, प्रेत नाही आणि मालही नाही, अशा स्थितीत खटला उभा राहणार कसा? त्यातच काही जमीनदार आणि सावकार लुटीत वाटा घेऊन टोळ्यांना आसरा देत.

मालाच्या बाबतीत आपल्या वऱ्हाडाशी निगडित एक प्रकरण विशेष बोलके आहे. अमरावतीचे पेढीवाले धनराज शेठ यांचा खजिना वाटेत लुटला गेला. त्यांच्या मुनिमाने संस्थानी दरबारांत खटपट करून ठग पकडवले, पण त्याचा हेतू वसुलीपुरता होता. ठगांनी पैसे भरले की सुटका होई, आणि ते पैसे उभे करण्यासाठी सुटलेले ठग पुन्हा वाटेवर उतरत. एका सावकाराची भरपाई अशी दुसऱ्या वाटसरूंच्या जिवावर होत होती. मालाचा प्रश्न न्यायालयाबाहेर मिटवला, तर गुन्हा मिटत नाही. त्याला भांडवल मिळते, हे स्लीमनने यातून ओळखले.

१८३० मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या राजवटीत जबलपूर हे या मोहिमेचे केंद्र बनले. स्लीमन माहिती जमवी आणि टोळ्या पकडे. गव्हर्नर जनरलचा एजंट एफ. सी. स्मिथ सागर येथे खटले चालवी. स्लीमनची पद्धत कारकुनी वाटावी अशी होती. पकडलेल्यांपैकी काहींना माफीचे साक्षीदार करायचे, त्यांचे जबाब वेगवेगळे घ्यायचे, ते एकमेकांशी ताडून पाहायचे, टोळ्यांच्या वंशावळी आणि नकाशे तयार करायचे. त्यानंतर प्रेते उकरून आणि माल नातेवाइकांना दाखवून प्रत्येक कबुलीला बाहेरचा आधार शोधायचा.

त्या काळचा सर्वांत मोठा फरारी होता फिरंगिया. तो ठगांचा जमादार होता आणि बुंदेलखंडात गावे बदलत राहून हुलकावण्या देत होता. स्लीमनच्या माणसांनी त्याच्या घरावर छापा घातला तेव्हा तो निसटला. त्यांनी त्याची आई, बायको आणि मूल यांना ताब्यात घेतले. कुटुंबापासून तो फार दूर जाणार नाही, हा अंदाज खरा ठरला आणि १८३० च्या अखेरीस तो पकडला गेला. इतिहासात ही युक्ती कौतुकाने सांगितली जाते. मला ते कौतुक पटत नाही. फरारी सापडेना की घरच्यांना ठाण्यात बसवून ठेवण्याची सवय आपल्या पोलिसांना आजही सोडवत नाही, आणि तिला हे असे मानाचे पूर्वज लाभले आहेत.

फिरंगियाने जीवदानाच्या बदल्यात साक्ष देऊ केली. त्याने सांगितलेल्या गोष्टी स्लीमनला प्रथम अविश्वसनीय वाटल्या. तेव्हा सागरच्या परिसरातील ज्या आमराईत मुक्काम होता, तिथेच फिरंगियाने खणायच्या जागा दाखवल्या आणि अनेक वर्षांपूर्वी पुरलेले सांगाडे वर आले. साक्षीदाराच्या शब्दाला जमिनीने दुजोरा दिला, हा या साऱ्या चरित्रातला निर्णायक क्षण म्हटला पाहिजे.

यश वाढले तसा हा आग्रह सैल झाला. १८३६ च्या ३० व्या कायद्याने ठगांच्या टोळीत कधीही सामील असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला, आणि तोही कायदा होण्यापूर्वीच्या काळाला लागू करून. विशिष्ट खून, विशिष्ट बळी, विशिष्ट माल सिद्ध करण्याची गरज उरली नाही. १८३१ ते १८३७ या काळात तीन हजारांहून अधिक लोक पकडले गेले, ४१२ जणांना फाशी झाली आणि ४८३ जण माफीचे साक्षीदार झाले. आरोपींना वकील नव्हता. साक्षीदाराचा जीव इतरांना ओळखण्यावर अवलंबून होता. राधिका सिंघा, किम वॅग्नर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या पुराव्यांची कठोर चिकित्सा केली आहे. त्यांचे सगळेच निष्कर्ष मान्य केले नाहीत, तरी एक गोष्ट नाकारता येत नाही. कृत्याऐवजी वंशावळीवरून माणूस गुन्हेगार ठरवण्याची वाट इथे रुळली, आणि तिचा शेवट १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात झाला. महाराष्ट्रातल्या अनेक भटक्या जमाती १९५२ पर्यंत त्या कायद्याखाली भरडल्या गेल्या.

माफीच्या साक्षीदारांनाही मोकळीक मिळाली नाही. ते जन्मभर जबलपुरात बंदिस्त राहिले आणि १८३७ च्या सुमारास सुरू झालेल्या उद्योगशाळेत तंबू व सतरंज्या विणू लागले. स्लीमन पुढे ग्वाल्हेर आणि लखनौ दरबारी रेसिडेंट झाला. अवधच्या कारभारावर टीका करूनही ते राज्य खालसा करण्यास त्याचा विरोध होता. फेब्रुवारी १८५६ मध्ये, अवध खालसा होत असतानाच, मायदेशी जाताना श्रीलंकेजवळ समुद्रात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या नावाचे स्लीमनाबाद गाव आज कटनी जिल्ह्यात आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि दंड संहितेतली ठगांविषयीची कलमे गेली. स्लीमनचे दोन प्रश्न मात्र नव्या कायद्यांतही आहेत. गुन्ह्यातील साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा व्हायची तर तिला दुजोरा हवा, हे साक्ष अधिनियमाचे कलम १३८ आता स्पष्टच म्हणते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. कलम १०७ नुसार गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत साठ दिवसांत पीडितांना वाटता येते. कलम ४९७ मुद्देमालाची यादी व छायाचित्रे करून खटला संपण्यापूर्वीच त्याचा निकाल लावायला सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात हेच बजावले होते.

प्रशासनात असताना मी जे मालखाने पाहिले, तिथे लाखेची मोहोर फुटलेली गाठोडी होती, चिठ्ठ्या वाळवीने खाल्लेल्या होत्या आणि गाड्यांच्या सांगाड्यांतून झाडे उगवली होती. अशा ठिकाणी पुरावाही नष्ट होतो आणि फिर्यादीचा विश्वासही. म्हणून नव्या कलमांचे यश चित्रफितींच्या संख्येवर मोजू नये. प्रत्येक जिल्ह्याने किती मुद्देमाल जप्त केला, किती मालकांना किती दिवसांत परत दिला आणि किती पडून आहे, हे आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत. फरारी पकडल्याचे श्रेय पोलिसांना जरूर मिळावे. मात्र जप्त माल मालकाच्या हाती पडेपर्यंत ती फाईल बंद झाली, असे जिल्हा प्रशासनाने मानू नये.