भार ओळखणारा अभियंता

मुलांनो, समजा तुमचा वर्ग शाळेच्या वरच्या मजल्यावर आहे. पन्नास मुले, बाके, दप्तरे आणि तुमचे शिक्षक, एवढे सगळे ओझे वर्गाच्या स्लॅबवर असते. शाळा सुटली की मुले घरी जातात आणि ओझे कमी होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा येते. तरीही स्लॅब तुटत नाही. का बरे? कारण शाळा बांधण्यापूर्वीच कोणीतरी तुमच्या वजनाचा हिशेब करून ठेवलेला असतो. असा हिशेब करून ज्यांनी जगात नाव मिळवले, त्या फजलुर रहमान खान यांची ही ओळख आहे.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी ढाका येथे झाला. त्यांचे वडील गणिताचे शिक्षक होते. गणिताची गोडी मुलाला घरातच लागली. पुढे ते कोलकात्याजवळ शिबपूर येथे अभियांत्रिकी शिकू लागले. १९५० मध्ये दंगली उसळल्या आणि त्यांना ढाक्याला परतावे लागले. पण त्यांनी धीर सोडला नाही. ढाक्यातच त्यांनी पदवी मिळवली. १९५२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेला गेले. तेथे तीन वर्षांत त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या आणि डॉक्टरेट मिळवली. १९५५ मध्ये ते शिकागो शहरात नोकरीला लागले.

त्यांचे काम काय होते, ते समजून घ्या. इमारतीवर दोन प्रकारचे ओझे असते. भिंती, स्लॅब, खांब यांचे वजन कायम असते. त्याला स्थिर भार म्हणतात. माणसे व सामान यांचे ओझे कमीजास्त होते. त्याला चल भार म्हणतात. आपल्या देशात राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भार धरतात. वर्गासाठी तो सुमारे ३०० किलो धरतात. जेथे लोक दाटीने उभे राहतात, त्या सभागृहासाठी सुमारे ५०० किलो धरतात. हे ओझे स्लॅबवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि खांबावरून पायात उतरते. अभियंत्याला रिकाम्या खोलीचा नव्हे, तर गर्दीच्या दिवसाचा विचार करावा लागतो.

शिकागोत शंभर मजल्यांची जॉन हॅनकॉक इमारत उभी करायचे ठरले. वास्तुशिल्पी ब्रूस ग्रॅहम यांनी तिचा आराखडा केला आणि भाराचा हिशेब खान यांनी केला. हे काम सोपे नव्हते. एकाच इमारतीत दुकाने, मोटारींचे मजले, कचेऱ्या आणि घरे होती. चव्वेचाळिसाव्या मजल्यावर तर पोहण्याचा तलाव होता! प्रत्येक मजल्याचा चल भार वेगळा होता. शिवाय उंचावर वाऱ्याचा जोर फार असतो. खान यांनी इमारतीच्या बाहेरच्या बाजूंवर लोखंडाच्या मोठमोठ्या फुल्या बसवल्या. त्यामुळे वारा अडला आणि मजल्यांचे ओझेही बाहेरच्या खांबांत वाटले गेले. १९३१ च्या एम्पायर स्टेट इमारतीला दर चौरस मीटरला सुमारे २०६ किलो पोलाद लागले होते. येथे ते सुमारे १४५ किलोच लागले.

बांधकाम चालू असताना मात्र पायातील एका खांबात दोष आढळला. काम थांबले. खर्च वाढू लागला. पण वर शेकडो कुटुंबे राहणार होती. म्हणून पायातील सर्व खांब तपासले, दुरुस्ती केली आणि मगच काम पुढे गेले. तुम्हीच सांगा, तेव्हा घाई केली असती तर काय झाले असते?

पुढे खान यांनी शिकागोतच ११० मजल्यांच्या सिअर्स टॉवरची रचना केली. ती इमारत सुमारे पंचवीस वर्षे जगात सर्वांत उंच होती. आज तिला विलिस टॉवर म्हणतात. जेद्दा येथील विमानतळावर हाजींसाठी बांधलेले तंबूंचे भव्य छत हेही त्यांचेच काम. त्यात २१० तंबू आहेत. छत हलके असल्याने खांब दूर दूर आहेत आणि खाली हजारो यात्रेकरूंना सावली मिळते.

एवढे नाव मिळाले तरी ते आपल्या माणसांना विसरले नाहीत. १९७१ मध्ये बांगलादेशातील लोकांवर संकट आले, तेव्हा त्यांनी शिकागोत मदतीसाठी संस्था उभी केली. २७ मार्च १९८२ रोजी जेद्दा येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे बावन्न वर्षांचे होते.

मुलांनो, ज्यांना आपण कधी पाहणार नाही, अशा माणसांचा भार खान यांनी आधीच ओळखला. उद्या जिना चढून वर्गात जाल, तेव्हा पायाखालच्या स्लॅबकडे एकदा पाहा. तुम्ही येणार हे धरूनच तो बांधलेला आहे.

स्वाध्याय
१. स्थिर भार आणि चल भार यांतील फरक सांगा.
२. हॅनकॉक इमारतीचे काम मध्येच का थांबवले?
३. तुमच्या वर्गात एका वेळी किती चल भार असतो, याचा अंदाज करा.