अजिंठ्याने पालटलेली शैली

जुन्या कलेचा अभ्यास म्हणजे जुन्या चित्रांची नक्कल, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होता. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. ते काम मोलाचे होते. पण त्या पिढीची स्वतंत्र चित्रे बहुतांशी पाश्चात्त्य अकादमिक वळणाचीच राहिली. अजिंठा पाहून ज्यांची शैलीच पालटली, अशा एका चित्रकर्तीचे पाऊल या लेण्यांत त्यानंतर अर्धशतकाने पडले. त्या म्हणजे अमृता शेरगील.

३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्ट येथे अमृतांचा जन्म झाला. वडील उमरावसिंग हे पंजाबातील सरदार घराण्यातले, संस्कृत व फारसीचे व्यासंगी आणि हौशी छायाचित्रकार. आई हंगेरियन गायिका. १९२१मध्ये हे कुटुंब सिमल्यास आले. मुलीच्या हातातील कसब ओळखून आईवडिलांनी १९२९मध्ये पॅरिस गाठले. तेथील नामवंत कलाशाळेत ल्युसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली अमृतांनी तैलरंगाचे रीतसर शिक्षण घेतले. मानवी देहाची घडण आणि छायाप्रकाशाने आकृतीला उठाव देण्याची रीत त्यांनी आत्मसात केली. सेझान आणि गोगँ या आधीच्या पिढीतील चित्रकारांच्या कृतींचाही त्यांच्यावर खोल परिणाम झाला. वयाच्या विशीतच, १९३३ साली, ‘तरुण मुली’ या चित्राला पॅरिसच्या प्रतिष्ठित प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. युरोपात नाव होण्याची वाट मोकळी झाली होती. तरीही १९३४च्या अखेरीस त्या भारतात परतल्या.

परतल्यावर त्यांनी रंगवलेली पहाडी स्त्रीपुरुषांची चित्रे आणि १९३५मधील ‘तीन मुली’ यांत विषय भारतीय होता; रंगांची मांडणी मात्र पॅरिसची आठवण देणारी होती. उत्तरेकडील उन्हातले सावळे देह, भडक वस्त्रे, स्थिर बसलेल्या बायका यांना युरोपीय छायाप्रकाशात बसवणे त्यांना अपुरे वाटू लागले होते. दुसरी वाट बंगाल शैलीची होती. त्या परंपरेतील कलावंतांनीही अजिंठ्याचा अभ्यास केला होता. पण तिच्यातील हळवेपणा आणि धूसर रंग अमृतांना पटत नव्हते. ही नापसंती त्यांनी उघडपणे मांडली आणि त्यापायी अनेकांचा रोषही पत्करला.

या कोंडीत १९३६च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला आल्या. ताजमहाल हॉटेलात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. येथेच कार्ल खंडालावाला या तरुण वकिलाशी त्यांची ओळख झाली. खंडालावाला हे लघुचित्रांचे जाणकार व संग्राहक होते. त्यांच्या संग्रहातील राजपूत व पहाडी चित्रे अमृतांनी तासन्‌तास न्याहाळली. मुंबईहून त्या वेरूळ आणि अजिंठा येथे गेल्या.

अजिंठ्यात त्यांना काय दिसले, हे पुढच्या चित्रांवरून उमगते. माती व चुन्याच्या गिलाव्यावर मातकट, तांबूस, हिरवट रंगांत काढलेल्या त्या आकृतींना ठळक सावलीची गरज नाही. एकाच ओघवत्या रेषेतून खांदा, मान आणि कंबर यांचा डौल उभा राहतो. पात्रे एकमेकांना बिलगून भिंतभर पसरतात, तरी गर्दी होत नाही. सावळा वर्ण येथे काळोख नसून स्वतःच तेज धारण करणारा रंग आहे. नेमका हाच प्रश्न घेऊन अमृता तेथे गेल्या होत्या. म्हणूनच अजिंठा त्यांच्यासाठी केवळ प्रेक्षणीय स्थळ राहिले नाही. पुढे कोचीनजवळील मट्टनचेरी राजवाड्यातील भित्तिचित्रेही त्यांनी बारकाईने पाहिली.

१९३७मध्ये सिमल्यास परतून त्यांनी ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजारास निघालेले दक्षिणेतील ग्रामस्थ’ ही तीन चित्रे पूर्ण केली. त्यांत अजिंठ्यातील एकही आकृती उचललेली नाही. उचलले आहे ते रचनेचे तत्त्व: सपाट, भारदस्त आकार, मोजके रंग, शुभ्र वस्त्रांपुढे उठून दिसणारे सावळे देह. त्याच वर्षी ‘तीन मुली’ला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. गंमत अशी, की पदक मिळेपर्यंत चित्रकर्ती त्या शैलीच्या पुढे निघून गेली होती.

१९३८मध्ये व्हिक्टर एगन यांच्याशी विवाह झाल्यावर त्या गोरखपूरजवळील सराया येथे राहू लागल्या. आता खंडालावालांकडे पाहिलेल्या लघुचित्रांनी आपला प्रभाव दाखवला. आकृती लहान झाल्या, रंग तेजाळले. ‘हळद दळणाऱ्या स्त्रिया’, ‘खाटेवर पहुडलेली स्त्री’ या १९४०मधील चित्रांत लाल व पिवळा रंग निःसंकोच वापरला आहे. विषय मात्र भोवतालच्या घरांतील बायकांच्या संथ, कोंडलेल्या दिनक्रमाचा आहे. हा भाग लघुचित्रांतून आलेला नाही. तो अमृतांचा स्वतःचा.

चित्रांना गिऱ्हाईक क्वचितच लाभे. १९४१मध्ये त्या लाहोरला गेल्या. नव्या प्रदर्शनाची तयारी सुरू असतानाच अल्पशा आजाराने ५ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे २८. घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या म्हशींचे चित्र अपुरेच राहिले.

आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे आणि त्यांच्या कृती राष्ट्रीय कलानिधी ठरल्या आहेत. ते पाहण्यासाठी दिल्लीला जावे लागते. पण त्यांना वळण देणारी चित्रे महाराष्ट्रातच आहेत. विक्रोळीवरून धावणारा मध्य रेल्वेचा मार्ग पुढे जळगावला पोहोचतो आणि तेथून अजिंठा सुमारे ६० किलोमीटरवर आहे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर उभे राहिले, की ‘ब्रह्मचारी’मधील सावळ्या मुलांच्या संथ बैठकीचा उगम ध्यानात येतो.